ओळख पटू नये म्हणून

अनुजाने पडद्यावरचा तो चेहरा पाहिला, तेव्हा तिला आधी कान ओळखू आला.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची इमारत उभी होती. तिच्या सहाव्या मजल्यावर अनुजाचं ऑफिस. शरीराच्या आतले स्कॅन डॉक्टरांना सगळ्या बाजूंनी फिरवून बघता यावेत, असं सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवत होती. ते नीट चालतं की नाही हे तपासायला खऱ्या माणसांचे स्कॅन लागत. संशोधन संस्था असे स्कॅन इंटरनेटवर ठेवतात. नाव, पत्ता, जन्मतारीख काढून टाकलेली असते; अटी मान्य केल्या की कुणालाही ते उतरवून घेता येतात. टीमचा प्रमुख स्वप्नील याने त्या आठवड्यात मेंदूच्या एमआरआयचा एक मोठा संच आणला होता. परळच्याच एका मेंदू संशोधन संस्थेने तो ठेवला होता.

अनुजाला मेंदूचा पृष्ठभाग स्वच्छ दिसेल असं चित्र काढायचं होतं. तिने पडद्यावरची पट्टी सरकवली, ती जरा जास्तच सरकली. मेंदूच्या जागी कवटी आली, आणि कवटीवर कातडी चढली. राखाडी रंगाचं, केस नसलेलं एक डोकं. मिटलेले डोळे, उजवीकडे किंचित झुकलेलं नाक. तिने ते डोकं माउसने फिरवलं. डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली होती.

अशी पाळी ती रोज बघत होती. वेंगुर्ल्याला, लहानपणी, झोपाळ्याच्या कडीत डूल अडकून बकुळा आत्याचा कान फाटला होता. नाकही त्याच वेळी आपटलं होतं. ही गोष्ट अनुजाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तो झोपाळाही तिला पाहिल्यासारखा वाटायचा.

तिने चित्र लहान केलं आणि आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. चित्राच्या शेजारी मोजकी माहिती होती. एक क्रमांक. स्त्री. वय, आत्याचं होतं तेवढंच. आणि गट: ब.

गट म्हणजे काय हे संचासोबतच्या माहितीपत्रात दिलं होतं. अनुजाने ते वाचलं. गट अ म्हणजे निरोगी. गट ब म्हणजे ज्यांची स्मरणशक्ती आज उत्तम आहे, पण मेंदूत विस्मरणाच्या आजारात दिसणारं एक प्रथिन साठायला लागलं आहे, अशी माणसं. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

अनुजा कॉलेजसाठी मुंबईत आली तेव्हापासून आत्याकडेच राहत होती. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोघींची एक खोली. आत्याने लग्न केलं नव्हतं. लालबागच्या एका नर्सिंग होममध्ये ती वर्षानुवर्षं नर्स होती. त्या भागात तिला सगळे बकुळा सिस्टर म्हणत. निवृत्तीला अजून दोनेक वर्षं होती. तिच्या आईने, म्हणजे अनुजाच्या आजीने, शेवटची वर्षं याच खोलीत काढली होती, आणि शेवटी तिला स्वतःची लेकही ओळखू येत नव्हती. तिचं सगळं आत्यानेच केलं होतं.

म्हणूनच परळच्या त्या संस्थेच्या डॉक्टर सीमा गमरे चाळीच्या हॉलमध्ये बोलायला आल्या, तेव्हा आत्याने सगळ्यांत आधी हात वर केला होता. डॉक्टर नायगावच्या चाळीत वाढलेल्या. त्या म्हणाल्या होत्या, जगात मेंदूवर एवढा अभ्यास चालतो, पण आपल्यासारख्यांच्या मेंदूवर कुणी करत नाही. आपल्याला आजार होतो तेव्हा औषध मात्र दुसऱ्यांच्या मोजमापाचं मिळतं. आत्याला ते पटलं. ती स्वतः स्कॅन काढायला गेली आणि चाळीतल्या आणखी चौघांना घेऊन गेली. खालच्या मजल्यावरचे गुणाजीकाका त्यातलेच. कोण कुठल्या गटात, हे भाग घेणाऱ्यांना सांगायचं नाही असा अभ्यासाचा नियम होता, आणि आत्याला तो आवडला होता. "आईचं बघितलंय मी," ती म्हणाली होती. "आधीपासून माहीत असून रोज सकाळी उठून काय करायचं?"

आता ते अनुजाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी स्वप्नील तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "काल तू काढलेलं ते डोकं बघितलं मी फोल्डरमध्ये. काय क्लिअर आलंय यार. शुक्रवारी क्लायंटला डेमो आहे ना, त्यात हेच टाकू. मग आपल्या पेजवरपण टाकू."

अनुजाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "चेहरा दिसतोय त्यात," ती म्हणाली.

"मग काय झालं? नाव कुठाय?"

"कुणीतरी ओळखेल."

"कोण ओळखणार? टक्कल करून डोळे मिटलेली बाई आहे ती. तिची स्वतःची आई नाही ओळखणार."

मी ओळखते, हे शब्द अनुजाच्या ओठांवर आले होते. पण ते बोलली असती तर त्याच क्षणी स्वप्नीलला कळलं असतं की ही अनुजाची कुणीतरी आहे, आणि शेजारी गट लिहिलेलाच होता. तो आत्याला ओळखत होता. त्याच्या वडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं तेव्हा आत्यानेच त्यांचं बघितलं होतं. आत्याचं गुपित राखायचं तर ते गुपित आत्याचं आहे, हे सांगायची सोय नव्हती.

"अटी वाचल्यास का तू?" तिने शेवटी विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला. "कुणाचीही ओळख पटेल असं काही करणार नाही, असं लिहून दिलंय आपण. आपण चेहरा क्लायंटला दाखवला आणि उद्या कुणी तक्रार केली तर कंपनी अडकेल. सही तुझी आहे."

"तू पण ना," स्वप्नील म्हणाला. "ठीक आहे. मेंदूच ठेव फक्त."

तो गेल्यावर तिने चित्र पुसलं, त्याच्या फोल्डरमधूनही पुसलं. पण मूळ स्कॅन इंटरनेटवर तसाच होता. पट्टी जरा जास्त सरकवली की कुणालाही दिसेल असा.

तिने ते आत्याला लगेच सांगितलं नाही. सांगावं की नाही हेच ठरत नव्हतं. न सांगता संस्थेला एक निनावी मेल पाठवावा, ते काढून टाकतील, आत्याला कशाला त्रास, असंही तिला वाटलं. तिने मेल लिहिलाही. मग तिला वाटलं, चेहरा आत्याचा आहे. त्याचं काय करायचं हे मी परस्पर कशी ठरवू? रविवारी दुपारी आत्या मोरीजवळ बसून बोंबील साफ करत होती, तेव्हा अनुजा तिच्यासमोर पाट घेऊन बसली.

"आत्या, तुझ्या त्या मेंदूच्या स्कॅनबद्दल बोलायचंय."

आत्याने ऐकून घेतलं. हातातली सुरी थांबली होती. मग तिने हात धुतले, लिंबाची फोड चोळून पुन्हा धुतले, पदराला पुसले. "दाखव," ती म्हणाली.

अनुजाने लॅपटॉप उघडला. शेजारची माहिती दिसू नये म्हणून तिने ती बाजू आधीच बंद करून ठेवली होती. आत्या पडद्याजवळ वाकली. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"कान दिसतो गो फाटका," ती हळू म्हणाली.

"हो."

"आत आवाज किती होता. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते." ती तशीच बघत राहिली. "मेलेलं माणूस असं दिसतं. आम्ही कापूस घालायच्या आधी."

"आत्या, प्लीज."

"खरं ते सांगते." तिने पडद्यावरून नजर काढली. "हे कोणी कोणी बघितलं?"

"माहीत नाही. जगात कुणीही बघू शकतं. बहुतेकांना मेंदूच हवा असतो, ते चेहरा काढूनही बघत नसतील. पण काढता येतो."

"आणि ही कोण, हे लिहिलंय?"

"नाव नाही लिहिलेलं."

"मग काय लिहिलंय?"

अनुजाने सांगितलं, "वय. बाई आहे ते. आणि गट."

आत्याला समजायला वेळ लागला नाही.

"तू वाचलास?"

"चेहऱ्याच्या शेजारीच लिहिलं होतं, नजर गेली. मग वाचला गेला."

"माका सांगू नको," आत्या म्हणाली. घाबरली की तिच्या बोलण्यात वेंगुर्लं यायचं. "कायच सांगू नको." ती परत पाटावर जाऊन बसली आणि बोंबील साफ करायला लागली. खूप वेळाने म्हणाली, "गुणाजीदादांचं पण असणार त्यात."

सोमवारी सकाळची ड्युटी संपवून आत्या पांढऱ्या साडीतच संस्थेत आली. अनुजा ऑफिसमधून अर्धा दिवस घेऊन आली होती. डॉक्टर सीमांनी उठून आत्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. अनुजा काय म्हणते ते ऐकल्यावर त्या जराही वैतागल्या नाहीत.

"तुमची काळजी मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण बकुळाताई, आम्ही नाव, पत्ता, तारखा, सगळं काढून टाकतो. चेहऱ्याचा भागही सॉफ्टवेअरने कापून टाकला जातो. बाहेर फक्त मेंदू जातो. ओळख पटणं शक्यच नाही."

अनुजाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या आत्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. चहा घेऊन आलेला माणूस कप ठेवून गेला. मग त्यांनी फोन उचलला आणि माहिती सांभाळणाऱ्या हितेंद्रला वर बोलावलं.

हितेंद्र तिशीचा होता. त्याने उभ्या उभ्याच आपल्या मशीनवर एकामागून एक स्कॅन उघडले. काही डोक्यांना पुढचा भाग नव्हता, कापून घेतल्यासारखी सपाट होती ती. काहींना चेहरे होते.

"मागच्या वर्षी नवीन मशीन आलं," तो म्हणाला. "त्याच्या फाइल्स वेगळ्या प्रकारच्या आहेत. चेहरा कापणाऱ्या प्रोग्रामने त्या सोडून दिल्या. एररपण दाखवला नाही. आम्ही सुरुवातीचे उघडून बघितले होते, ते बरोबर होते. मग..."

"मग कुणी बघितलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मीही नाही. सही माझी आहे." त्या आत्याकडे वळल्या. "मी माफी मागते. आत्ता, तुमच्यासमोर हा संच बंद करते." हितेंद्रने तिथेच बसून तो बंद केला. सगळ्यांनी तो संस्थेच्या पानावरून नाहीसा होताना पाहिला.

"आणि ज्यांनी आधीच घेतलाय?" अनुजाने विचारलं.

"त्यांची नोंद आहे आमच्याकडे. सगळ्यांना पुसून टाकायला सांगू. त्यांनी तसं मान्य केलेलं आहे."

"पण पुसलं की नाही, हे तुम्हाला कळणार नाही."

"नाही," हितेंद्र म्हणाला. "ते नाही कळणार."

आत्याने कप उचलला होता, पण तोंडाला लावला नव्हता. "बाकीच्यांना कधी सांगणार?"

डॉक्टर सीमा खिडकीकडे बघत होत्या. "आधी आमच्या नीतिसमितीला कळवावं लागेल. मग ती ठरवेल." मग त्यांनी स्वतःच मान हलवली. "खरं सांगू? मला भीती वाटतेय. आपल्या भागातली माणसं या दारातून आत यावीत म्हणून मी किती वर्षं चाळीचाळींतून फिरले. हे कळलं की कुणी येणार नाही. आणि मला त्यांना बोलही लावता येणार नाही."

"गुणाजीदादा माझ्या शब्दावर आले," आत्या म्हणाली. "रोज जिन्यात भेटतात. त्यांना बघून मी न बोलता कशी जाऊ, ते तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी खिडकीवरून नजर काढून आत्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "समितीची बैठक मी उद्याच लावायला सांगते. आणि तुमच्या चाळीत मी स्वतः येते. फोनवर नको सांगायला."

आणि त्या आल्या. त्याच आठवड्यात, संध्याकाळी, एकट्याच, एकेका घरी. गुणाजीकाका बायकोला देवळात धाडून बसले होते. आत्या आणि अनुजाला त्यांनीच थांबवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ऐकून ते हसले.

"माझो चेहरो? तो बघून कोणाक काय गावतला?" ते म्हणाले. डॉक्टर पुन्हा समजावू लागल्या, तसं त्यांनी हाताने थांबवलं. "कळला माका. पण एक करा. माझ्या झिलाक सांगू नका. मी थय जातंय ह्या त्याका ठाऊक नाय. मेंदूची तपासणी म्हटल्यार तो स्कूटरची चावी काढून घेतलो."

मुलाला काही कळवणार नाही, असं डॉक्टरांनी कबूल केलं. पण त्या निघाल्यावर गुणाजीकाका दारापर्यंत आले आणि आत्याला हळूच विचारलं, "बकुळा, माझा काय वाईट दिसला नाय ना तेतूर?" आत्याला उत्तर देता आलं नाही. तिने ते पाहिलंच नव्हतं, आणि अनुजाने पाहायचं टाळलं होतं.

चाळीतल्या चौघांपैकी दोघांनी अभ्यासातून नाव काढून घेतलं. बकुळाबाईंनी आम्हाला कुठे नेलं, असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते आत्याच्या कानावर आलं. तिचं वागणं बदलायला लागलं. केस घट्ट मागे बांधून अंबाडा घालायची तिची जन्माची सवय. आता ती ड्युटीवर जाताना केस सैल सोडून कानांवर घ्यायला लागली. नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टर नवीन आला होता, तो मोकळ्या वेळात लॅपटॉपवर मेंदूचे स्कॅन बघत अभ्यास करायचा. आत्या त्याच्या मागून जाताना पडद्याकडे बघायची. एकदा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "सिस्टर, हेअरस्टाइल बदलली का?" एवढंच तो म्हणाला. घरी आल्यावर आत्याने हे अनुजाला सांगितलं आणि विचारलं, "सहजच म्हणाला असेल ना गो?"

"सहजच," अनुजा म्हणाली. पण रात्रभर तिच्याही डोक्यातून तो प्रश्न गेला नाही.

तिच्या मनात त्याहून मोठी भीती होती. गट ब म्हणजे आजार नव्हे, हे तिने वाचलं होतं. कित्येकांना पुढे काहीच होत नाही, हेही वाचलं होतं. तरी ती आत्याकडे बघायची तेव्हा तिला ते अक्षर दिसायचं. आत्याने गॅस बंद केला का, किल्ली कुठे ठेवली, दूधवाल्याला काय सांगितलं. आधी तिने कधी लक्षही दिलं नसतं अशा गोष्टींवर तिची नजर जायची, आणि गेली की तिला स्वतःचाच राग यायचा. एका सकाळी आत्याने आमटीत मीठ घातलं, बोलता बोलता पुन्हा बरणीकडे हात नेला आणि थांबली. तेवढंच. कुणाच्याही हातून होतं. पण आत्याने मान वळवली तेव्हा अनुजा तिच्या हाताकडेच बघत होती.

आत्याने बरणीचं झाकण लावलं.

"तू मला काही सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "पण तुझे डोळे रोज सांगतात गो. मी उठते तेव्हा, बसते तेव्हा. आईकडे मी असंच बघायचे. मला ओळखता येतं ते."

अनुजाला रडू फुटलं. "मी मुद्दाम नाही करत."

"मला माहितीये. तू मुद्दाम वाचलंही नव्हतंस." आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण आता मला माहीत नसणं शिल्लक कुठे राहिलंय? तुझ्या तोंडावरून वाचण्यापेक्षा मी डॉक्टरांकडून ऐकते. ज्यांनी बघितलंय, ज्यांना अर्थ कळतो, त्यांच्याकडून."

समितीने परवानगी द्यायला काही दिवस घेतले. आधी एका समुपदेशक बाईंनी आत्याशी बोलून घेतलं. खरंच ऐकायचंय का, हे त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. मग डॉक्टर सीमांनी तिला आपल्या खोलीत बसवलं. अनुजा बाहेर थांबायला निघाली तर आत्या म्हणाली, "बस इथेच. तुला माहीतच आहे."

डॉक्टर सावकाश बोलल्या. काय साठलंय, किती, त्याचा अर्थ काय होऊ शकतो, काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. तुमची स्मरणशक्ती आज तुमच्या वयाच्या बहुतेकांपेक्षा चांगली आहे. रक्तदाब सांभाळा, झोप सांभाळा, दर वर्षी या. आत्याने नर्सने विचारावेत तसे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. तिचा आवाज कापत नव्हता; फक्त पदराचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"मी ड्युटी करू शकते?"

"नक्कीच. आज तुम्हाला कुठलाही आजार नाही."

"नर्सिंग होमला हे कळवायचं बंधन आहे?"

"नाही. हे तुमचं आहे. तुम्ही सांगाल त्यालाच कळेल." डॉक्टर थांबल्या. "आमच्याकडून तरी आता."

परत येताना दोघी चालतच निघाल्या. करी रोडच्या पुलावर गर्दी होती, एकामागे एक चालावं लागत होतं. पूल उतरल्यावर आत्या अनुजाच्या बरोबरीला आली.

"तुझ्या आईला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"तिला कळलं की अख्ख्या वाडीला कळेल, आणि दिवाळीला गेले की प्रत्येकजण मला स्वतःचं नाव विचारून बघेल." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "ऐक. औषधाच्या ट्रॉलीवर माझा हात चुकतोय असं मला वाटलं, तर त्या दिवशी मी स्वतः मेट्रनला सांगेन. पण मलाच ते कळलं नाही, आणि तुला कळलं, तर तू मला सांगायचं. मला. दुसऱ्या कुणाला आधी नाही. आणि नजरेने नाही, तोंडाने."

"हो," अनुजा म्हणाली. तिला वाटलं होतं असं वचन देणं कठीण जाईल. प्रत्यक्षात तिला बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी आत्याने अंबाडा घट्ट बांधला आणि ड्युटीवर गेली.

संस्थेने अभ्यास काही महिने थांबवला. ज्यांनी संच उतरवून घेतला होता त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं आली, पुसलं म्हणून. काहींची आलीच नाहीत. एका परदेशी कंपनीचा मेलचा पत्ताच बंद झालेला होता. डॉक्टर सीमांनी हेही सगळ्यांना कळवलं, लपवलं नाही. अभ्यास पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवशी संस्थेच्या हॉलमध्ये अर्ध्याहून कमी माणसं आली. आत्या गेली. गुणाजीकाकाही गेले, स्कूटरवरून. आपला स्कॅन कापल्यानंतर कसा दिसतो ते दाखवल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही, असं आत्याने सांगितलं, आणि हितेंद्रने तो तिला दाखवला. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट काप होता. तिने तो बराच वेळ न्याहाळला.

अनुजाची धास्ती मात्र गेली नाही. उत्तर न दिलेल्या त्या लोकांपैकी कुणीतरी तो स्कॅन दुसरीकडे ठेवला असेल, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या संचात मिसळून, असं तिला वाटत राहायचं. जेवणाच्या सुट्टीत ती असे संच शोधायची, उतरवून घ्यायची आणि एकेक डोकं उघडून पट्टी सरकवायची. आत्या त्यांत नसायची. एका दुपारी, कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या संस्थेच्या संचात, मेंदूवर कवटी आली आणि कवटीवर कातडी चढायला लागली. म्हातारा माणूस होता. खोल गेलेले गाल, हनुवटीवर व्रण.

अनुजाने हात थांबवला. हा कुणाचा तरी काका असेल. त्याच्या घरीही कुणीतरी असेल, आणि हे त्यांना माहीत नसेल. आणि ती, जिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, त्याच्याकडे बघत बसली होती.

तिने पट्टी मागे घेतली, फाइल बंद केली, आपल्याकडचे सगळे संच पुसून टाकले. मग त्या संस्थेच्या पानावरचा पत्ता शोधला आणि लिहायला घेतलं: तुमच्या काही स्कॅनमध्ये चेहरे राहून गेले आहेत, कृपया लगेच बघा. खाली तिने आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला. पाठवलं.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. घरी निघायच्या आधी तिने पुन्हा एकदा मेल उघडून बघितला, आणि जिना उतरताना आणखी एकदा.